चिवड्याचा उपास सुटेना : घर बदलल्यापासून लेपर्ड गेको जेवत नाहीये

थेम्सकाठी | १२ जून, रात्री ११.१०

नमस्कार. 'पाळीव प्राणी' विभागात वर-खाली फिरून आले, सगळीकडे कुत्री आणि मांजरं. पालीवाले कुणी आहेत का इथे? असाल तर पटकन हात वर करा, मी रडायच्या बेतात आहे.

आमचा चिवडा लेपर्ड गेको आहे, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल. वय तीन, नर. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून लेकीनं नाव ठेवलं चिवडा. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. दोन वर्षं तो ६० सेंमी लांबीच्या काचेच्या टाकीत होता आणि पक्का खादाड होता. चिमट्यात अळी दिसली की शेपटीचं टोक वळवळवत यायचा आणि झडप! लेक मागे लागली, त्याला मोठं घर हवं. वाचलेलंही सगळीकडे तेच. म्हणून १२० बाय ६० बाय ६० सेंमीचं लाकडी व्हिव्हेरियम (समोरून काच असलेली प्राण्याची पेटी) घेतलं. तळाला सात-आठ सेंमी माती-वाळूचं मिश्रण, दगड, ओंडका, दोन नव्याकोऱ्या गुहा, वर लखलखीत पांढरा एलईडी. पाहुण्यांना दाखवावं असं झालंय. ३१ मेला त्याला आत सोडलं.

तेव्हापासून अन्नाचा कण नाही. मीलवर्म (किड्यांच्या अळ्या) दिले, टोळ दिले, मेणअळ्यासुद्धा देऊन पाहिल्या. तोंड फिरवतो. दिवसभर ओंडक्याच्या मागे कोपऱ्यात पोट टेकून बसलेला. दुकानात विचारलं तर म्हणाले, भूक लागली की खाईल, दहा-बारा टोळ आत सोडून ठेवा. ठेवलेत. कराडला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "पोटात गार झालं असेल गं त्याच्या. ओव्याचा शेक दे." आम्ही सगळे हसलो, पण आता हसू येत नाही. बारा दिवस झाले. काय करू?

निवांत_नाना | १२ जून, रात्री ११.४२

शंकेची पाल चुकचुकते हे ऐकून होतो, पालीचीच शंका पहिल्यांदा ऐकली. (हलके घ्या ताई.) आमच्या ट्यूबलाइटमागे तीन आहेत, न पाळता पोसल्या गेल्यात, एकीलाही कधी मंदाग्नी झालेला नाही.

खरंच विचारतो, ही तुमची पाल भिंतीवर चढून पसार होत नाही का?

खडकवासी | १३ जून, पहाटे ५.५५

नाना, लेपर्ड गेकोच्या बोटांना आपल्या घरच्या पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, काचेवर चढता येत नाही. आणि त्याला पापण्या असतात, चक्क डोळे मिटून झोपतो. घरच्या पालीला पापणी नाही, म्हणून ती जिभेनं डोळे पुसते. मूळचा हा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि आपल्या वायव्य टोकाकडचा, खडकाळ रानातला गडी.

थेम्सकाठी, सगळ्यात आधी ते मोकळे टोळ बाहेर काढा. आत्ता. उपाशी टोळ आणि रातकिडे झोपलेल्या गेकोला कुरतडतात, आणि सुस्तावलेला गेको त्यांना हाकलत नाही. वर त्याच्या डोक्यात बसतं ते वेगळंच, की या घरात रात्रभर अंगावरून काहीतरी चालतं.

मग एवढं सांगा.
वजन किती? हलवण्याआधीचं आणि आजचं.
गरम बाजूच्या जमिनीचं तापमान किती, आणि ते कशानं मोजलं? भिंतीवर चिकटवलेल्या गोल काट्याच्या मीटरचा आकडा मला नको, तो हवेचा असतो आणि तोही धड नसतो.
थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, नेमका कुठे ठेवलाय?
जुन्या घरातलं काय काय नव्या घरात आलं?
शेवटची शी कधी केली?

आणि लेकीला सांगा, दोन आठवडे हातात घ्यायचं नाही. वजनाला घ्याल तेवढंच.

मिनू_एनजे | १३ जून, सकाळी ७.२०

अगदी याच चक्रातून गेलेय. माझा क्रेस्टेड गेको आहे. न्यू कॅलेडोनिया बेटांवरची ही जात नामशेष झाली असं मानत होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडली, आणि आता न्यू जर्सीत माझ्या बैठकीत बसून नखरे करते. तिला उंच टेरेरियममध्ये हलवलं आणि तीन आठवडे भुकटीच्या खाण्याला तोंड लावलं नाही. वाटी रोज भरायची, रोज तशीच टाकायची.

शेवटी कळलं की वाटी मी तळाशी ठेवत होते आणि ती बसत होती वरच्या फांदीत. वाटी उंच लावली, मधली सगळी मोकळी जागा खोट्या वेलींनी भरून टाकली, तरी आठवडा गेला. मग तिला परत जुन्या डब्यात टाकलं, तिसऱ्या रात्री वाटीत जिभेच्या खुणा! महिन्यानं पुन्हा मोठ्या घरात हलवली तेव्हा मात्र सुरळीत. त्यामुळे माझं मत, सरळ जुन्या टाकीत परत न्या.

एक मात्र, क्रेस्टेडवाल्यांनी या धाग्यातले गरमीचे आकडे उचलू नका. त्यांना २२ ते २६ अंश पुरे, २८ च्या वर त्रास सुरू होतो. आणि घाबरवू नका, तिनं शेपूट टाकली तर ती परत येत नाही. लेपर्डला निदान नवी फुटते, जरा बेढब असली तरी.

डॉ_कासव | १३ जून, दुपारी १.०५

मी प्राण्यांचा डॉक्टर, सरपटणारे बऱ्यापैकी बघतो. इथल्या वर्णनावरून निदान करणार नाही, पण घाबरण्याची पायरी कुठली ते सांगतो.

दिवस मोजू नका, ग्रॅम मोजा. धडधाकट वाढलेला लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो, ती त्याची कणगी आहे. मानेइतकी जाड शेपूट असेल तर दोन-तीन आठवडे न खाल्ल्यानं काही बिघडत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, डब्यात ठेवून वजन करा. मूळ वजनाच्या दहा टक्के गेले, शेपूट काडीसारखी दिसू लागली, डोळे खोल गेले, तोंडाशी चिकट लाळ आली, खाल्लेलं बाहेर पडलं, शी पातळ आणि भयंकर वासाची झाली, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरकडे न्या. घर बदलल्याच्या ताणात आधीपासून पोटात असलेले जंत आणि एकपेशीय परजीवी डोकं वर काढतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा त्यातला सगळ्यात वाईट, त्यात खाऊनही प्राणी झडत जातो.

आणि नर आहे हे कुणी सांगितलं? मादी असेल तर या दिवसांत अंडी धरताना नराशिवायसुद्धा जेवण सोडते. शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, इंग्रजी व्ही अक्षरासारखी ठळक छिद्रांची रांग आणि त्यामागे दोन फुगवटे असतील तर नर.

थेम्सकाठी | १३ जून, रात्री ९.३०

टोळ काढले. एक सापडत नाहीये, नवऱ्याला सांगितलेलं नाही.

छिद्रं आहेत, फुगवटे आहेत, नरच आहे. वजन एप्रिलअखेर ६६ ग्रॅम होतं, आज ६३. शेपूट छान जाड. शी ५ जूनला एकदा, नेहमीसारखी, नंतर नाही.

आता तापमानाचं. भिंतीवरचा काटा २८ दाखवतो म्हणून मी निर्धास्त होते. आज शेजाऱ्यांकडून तापमान मोजायची इन्फ्रारेडची बंदूक आणली. गरम बाजूच्या गुहेतली माती २५.५ निघाली! थंड बाजू २२. थर्मोस्टॅट ३३ वर लावलाय आणि तो दाखवतोयही ३३. मग उष्णता जाते कुठे?

जुन्या घरातलं काहीच आणलेलं नाही. सगळं नवीन घेतलं, जुन्या गुहा साबणानं धुऊन माळ्यावर टाकल्या. खायला संध्याकाळी सातला देतो, लेक झोपायच्या आधी.

खडकवासी | १३ जून, रात्री १०.१५

सापडला चोर. मातीत आहे.

जुन्या टाकीत ऊब देणारी विजेची मॅट काचेखाली आणि वर पातळ फरशी असणार, हो ना? नव्या घरात तीच मॅट तळाला अंथरलीत आणि वर सात-आठ सेंमी माती ओतलीत. प्रोबही मॅटला चिकटून मातीखाली. मातीखाली ३३ झाले की थर्मोस्टॅट म्हणतो, झालं माझं काम, आणि मॅट बंद करतो. वर बसलेल्याच्या पोटाला मिळतात पंचवीस. यंत्र खोटं बोलत नाहीये, त्याला तुम्ही चुकीच्या खोलीत बसवलंय.

हे धोक्याचंही आहे. मातीखाली गाडलेली मॅट दबून तापत राहते, आणि गेको उकरत खाली गेला तर थेट तिच्यावर पोट टेकतो.

तर खोल माती आणि मॅट एकत्र नांदत नाहीत. माती ठेवायची तर उष्णता वरून द्यायची, ५० ते ७५ वॉटचा हॅलोजन किंवा डीप हीट प्रोजेक्टर (उजेड न देता तापणारा दिवा), त्याला जाळी, आणि डिमिंग थर्मोस्टॅट (दिवा बंद न करता मंद करणारा). खाली चपटा काळा दगड, स्लेटची फरशी असली तर उत्तम, आणि प्रोब त्या फरशीवर. फरशी ३२ ते ३४. तिच्याच खाली गुहा करा, छत तापेल, आत ऊब राहील. सामान येईपर्यंत गरम बाजूची माती उपसा, मॅटवर थेट फरशी ठेवा, प्रोब फरशीच्या वर आणा.

माळ्यावरच्या गुहा खाली काढा. धुतल्या ते वाईट झालं. त्याला नाकाजिभेनं घर ओळखायचं असतं, तुमच्याकडे सगळं नवं आणि वर साबणाचा वास. जुन्या टाकीतला एखादा न धुतलेला दगड, पाण्याची वाटी, काहीही चालेल.

डॉ_कासव | १४ जून, सकाळी ८.४०

खडकवासींशी सहमत. अंगची ऊब बाहेरून घेणारा प्राणी आहे, त्याची पचनाची रसायनं ऊब मिळाल्याशिवाय कामच करत नाहीत. पंचविसात त्यानं खाल्लं असतं तर ते पोटात पडून राहिलं असतं किंवा उलटलं असतं. न खाणं हा त्याचा शहाणपणा होता. म्हणूनच जबरदस्तीनं तोंड उघडून भरवू नका. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं.

मेणअळ्यांचा डबा लपवा. तो पेढा आहे. पेढ्यावर चटावलेलं पोर भाकरीला नाक मुरडतं.

शेंगदाणा | १४ जून, सकाळी ९.१२

अवांतर विचारते. पुण्यात कुणी पाळलाय का हा? माझा भाऊ म्हणतो असलाच ठिपक्याठिपक्यांचा आमच्या गावाकडे शेताच्या बांधावर दिसतो.

खडकवासी | १४ जून, सकाळी ९.५०

भाऊ बरोबर असू शकतो. याची भावंडं आपल्याकडे आहेत, महाराष्ट्र-गुजरातेत एक, आणि सातपुड्यातल्या जातीला तर २०१४ मध्ये नाव मिळालं. लोक विषारी समजून मारतात. विषारी अजिबात नाही. पण बांधावरचा उचलून घरी आणायचा विचार सोडा, तो रानातला आहे. विकत घ्यायचा म्हटला तरी आधी वनविभागात विचारा.

गंमत बघा, ज्याच्यावरून हा सगळा शौक उभा राहिला त्या लेपर्ड गेकोला १८५४ मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते एडवर्ड ब्लाइथनं, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात बसून.

मिनू_एनजे | १४ जून, दुपारी ३.३०

सगळं कबूल, पण मला अजूनही वाटतं जुन्या टाकीत परत न्यावं. तिथे ऊब होती, वास होता. इथे तुम्ही रोज काहीतरी उपसणार, लावणार, तो बिचारा बघत बसणार.

खडकवासी | १४ जून, दुपारी ४.०५

मिनू, पिल्लू असतं किंवा शेपूट उतरली असती तर मीच म्हटलं असतं, न्या. हा ६३ ग्रॅमचा बाप्या आहे. परत नेला की दोन बदल झाले, पुन्हा आणला की तीन. बिघाड कळलाय तर तो दुरुस्त करून गप्प बसावं.

मिनू_एनजे | १४ जून, दुपारी ४.११

माझी जेवली होती. एवढंच म्हणते.

डॉ_कासव | १४ जून, रात्री ८.००

दोघांचंही बरोबर असू शकतं. ५९ ग्रॅमची रेघ आखा. त्याच्या खाली गेला तर आधी डॉक्टर, आणि मग जुनी टाकी.

थेम्सकाठी | १५ जून, रात्री १०.५०

आज दिवसभर हेच. माती उपसून बादल्या भरल्या. हॅलोजन, जाळी आणि थर्मोस्टॅट आले. बागेतल्या वाटेवरची स्लेटची लादी उखडली (नवऱ्याला हेही सांगितलेलं नाही), घासून उकळत्या पाण्यानं धुतली. तीन तास चालू ठेवून मोजलं, लादी ३३, तिच्याखालची गुहा ३०, थंड बाजू २३. थंड बाजूला माती ठेवलीय, तिथे उकरू दे.

जुन्या गुहा आल्या. नशीब, ओल्या शेवाळाचा डबा धुवायचा राहिला होता, तो तसाच मधे ठेवलाय. मोकळा भाग बुचाच्या सालींनी आणि वाळक्या पानांनी भरला. समोरच्या काचेवर निम्म्यापर्यंत खाकी कागद चिकटवला. पाहुण्यांना दाखवण्यासारखं आता काही राहिलं नाही, गोदाम झालंय.

वेळेचं काय करू? इकडे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. सातला तो बाहेर येतच नाही.

खडकवासी | १५ जून, रात्री ११.२०

गोदामच हवं! त्याला आडोशाआडोशानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता आलं पाहिजे. उघड्या मैदानावर तो जेवायला येणार नाही, त्याच्या मते वर घार फिरत असते.

खोलीचे पडदे ओढा, दिवे टायमरवर टाकून साडेआठला बंद करा, तासाभरानं खाणं ठेवा. तो एलईडी फार झगझगीत असेल तर काढाच. रात्री लाल-निळे दिवे नकोत, काळोख पाहिजे.

अळ्या मातीवर टाकू नका, त्या आत शिरतात आणि तुम्हाला वाटतं खाल्ल्या. गुळगुळीत काठाच्या बुटक्या वाटीत चार-पाच ठेवा, कॅल्शियमची पूड लावून, ओल्या डब्याच्या तोंडाशी. सकाळी मोजून काढून घ्या. एक दिवसाआड. काचेवर नाक लावून बघत बसायचं नाही, तुम्हीही नाही.

हळवी_वेल | १७ जून, दुपारी १२.१५

धागा चोरत नाही, पण माझं पण असंच. गेल्या आठवड्यात आणलेलं लेपर्डचं पिल्लू, ४ ग्रॅमचं, मोठ्या टाकीत ठेवलंय. आणल्यापासून सहा दिवस काही खाल्लं नाही. वरचं वाचून दोन-तीन आठवडे थांबू ना?

डॉ_कासव | १७ जून, दुपारी १२.२१

नाही! वरचं सगळं मोठ्यांसाठी आहे. पिल्लाच्या शेपटीत साठाच नसतो. आजच बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यात हलवा, तळाला किचन टॉवेल, एक ऊबदार गुहा, एक ओली गुहा, पाण्याची उथळ झाकणी. डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान रातकिडे, समोर एकेक सोडा, दहा मिनिटांत न खाल्ले तर काढा. उद्या सकाळपर्यंत काही गेलं नाही तर डॉक्टर. इथे उत्तराची वाट बघू नका.

थेम्सकाठी | १८ जून, सकाळी ७.४५

जेवण अजून नाही. वजन ६१. पोटात गोळा आलाय (माझ्या).

पण काल रात्री पहिल्यांदा तो लादीवर पसरलेला दिसला, पाय मागे सोडून, पोट अख्खं टेकवून, जसे बाबा जेवल्यावर ओसरीवर पडायचे. आणि आज कोपऱ्यात शी आहे, छोटी, टोकाला पांढरी.

डॉ_कासव | १८ जून, सकाळी ९.०२

उत्तम बातमी, दोन्ही. आतडं हललंय. शी ताजी आहे तोवर झाकणाच्या डबीत भरून, ओल्या कापसासह फ्रिजमध्ये ठेवा आणि आजच तपासणीला द्या. फुकट जाणार नाही.

निवांत_नाना | १८ जून, सकाळी ९.३०

फ्रिजमध्ये आधीच मीलवर्म असतील, आता शेजारी ही डबी. सासूबाई येणार असतील तर वेळेत कळवा, आपण वेगळा धागा काढू.

थेम्सकाठी | २१ जून, रात्री ११.५५

खाल्लं!!!

वाटीत पाच ठेवल्या होत्या. जिन्यावर अंधारात बसून होतो आम्ही दोघी, लेकीला शाळा नाही उद्या. साडेदहाला ओल्या डब्यातून डोकं आलं. वाटीकडे बघत राहिला, इतका वेळ की मला वाटलं गेला परत. मग शेपटीचं टोक वळवळलं. लेकीनं माझा हात असा धरला की वळ उठलाय. दोन खाल्ल्या, तिसरी तोंडातून पडली, ती सोडून दिली आणि लादीवर जाऊन पसरला.

शीचा अहवाल काल आला. थोडे सूत्रकृमी (बारीक जंत), बाकी काही नाही. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, इतके असतात, आत्ता औषध नको, महिन्यानं पुन्हा तपासू.

खडकवासी | २२ जून, पहाटे ५.४०

वा! आता हात आखडता ठेवा. एकवीस दिवसांचा उपास आहे, एकदम पंगत वाढू नका. दिवसाआड तीन-चार, आठवडाभर. टोळ त्यानंतर, तेही चिमट्यानं.

मिनू_एनजे | २२ जून, सकाळी ६.१५

डोळ्यांत पाणी आलं. (तरी जुनी टाकी विकू नका अजून.)

हळवी_वेल | २२ जून, सकाळी ८.३०

डॉक्टर, तुमचे आभार. छोट्या डब्यात दुसऱ्या दिवशी पहाटे एक रातकिडा गेला, आता रोज तीन खातंय. ४.५ ग्रॅम.

थेम्सकाठी | २९ जून, सायंकाळी ६.२०

आज ६३. खाकी कागद रोज दोन बोटं खाली फाडतेय, अर्धा उरलाय. हरवलेला टोळ नवऱ्याच्या बुटात सापडला, त्यामुळे लादीचंही सांगून टाकलं.

कराडला फोन केला. आईला सगळं सविस्तर सांगितलं, मॅट, माती, प्रोब, पंचवीस अंश, पोटाखाली ऊब नव्हती म्हणून जेवत नव्हता. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे शेकच दिलात ना शेवटी?"